रागाच्या चाचण्या

२ फेब्रुवारी, सोमवार

मी आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही. लिहिणाऱ्यांना हसतच आलो. पण आज सकाळी आमच्या ऑफिसात जे झालं ते कुठेतरी नोंदवून ठेवायलाच हवं, आणि माझ्याशिवाय दुसरं कोणी ते लिहील अशी लक्षणं दिसत नाहीत.

आज 'दमानं' पहिल्यांदा चाललं. अडखळत नाही, मध्येच मान टाकत नाही, सरळ चाललं.

पुढेमागे कोणी ही वही उघडलीच तर त्याला कळावं म्हणून सांगतो. हल्ली प्रत्येक ऑफिसात संगणकावर तो मेसेंजर असतो. शेजारच्या टेबलापर्यंत उठून जायचे कष्ट कोणी घेत नाही, सगळे एकमेकांना निरोप टाइप करत बसतात. या मेसेंजरला बाहेरच्यांनी काहीतरी नवी सोय जोडायची मुभा आहे. अशा जोडणीला प्लगिन म्हणतात. म्हणजे घर मेसेंजरवाल्या कंपनीचं, आणि आपण त्यात एक खोली भाड्यानं घेऊन राहायचं. माझी कंपनी असे प्लगिन बनवते. कंपनी म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली, पाठीला पाठ लावलेली दोन टेबलं, मी आणि माझी लेक. तिला घरात सगळे खारू म्हणतात. लहानपणी ती खारीसारखी सगळं गालात साठवून ठेवायची, त्यावरून. ऑफिसातही मी खारूच म्हणतो.

'दमानं'चं काम साधं आहे. माणूस चिडून कोणालातरी खरमरीत काही लिहितो आणि 'पाठव' दाबतो. निरोप जायच्या आत वरून पिवळी पट्टी खाली येते: 'जरा दमानं. पाठवायचंच का?' त्याने 'राहू दे' दाबलं की निरोप पडद्याच्या कडेला जाऊन बसतो. उद्या डोकं थंड झालं की वाचावा आणि आपल्याच अकलेची कीव करावी, ही सोय माझ्या डोक्यातून निघालेली आहे.

तसं पाहिलं तर अख्खी कल्पनाच माझी. मला कशी सुचली सांग बघू, असं मी बायकोला मोठ्या झोकात विचारलं. ती माझ्या नाकाकडे बघून म्हणाली, राग तिथेच तर असतो, सुचायला कितीसा वेळ लागणार. मी तिकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाच्या वेळी माणसानं मन मोठं ठेवावं.

४ फेब्रुवारी, बुधवार

चाचण्या सुरू केल्या. पद्धत अशी: खारू तिच्या संगणकावर 'कर्मचारी', मी माझ्यावर 'साहेब'. तिनं मनानं रागाची वाक्यं रचायची आणि मला पाठवायची. प्लगिननं ओळखलं तर निरोप तिच्याकडेच अडतो, माझ्यापर्यंत येतच नाही. माझ्याकडे आला की समजायचं, सुटला. मग मी ओरडतो, "सुटला", आणि ती तिथे दुरुस्ती करते.

आज बरेच अडले. जे सुटले त्यातला एक असा होता: 'साहेब, मला हे काम करायचंय का, हे तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत.'

वाक्य चांगलं होतं, पण त्यात राग कुठाय? मी तिला समजावलं की अगं, एवढ्या मिळमिळीत वाक्याला प्लगिन काय ओळखणार, जरा मीठ घाल, दोन शिव्या हाण. ती म्हणाली, बरं. पोरगी गुणी आहे, सांगितलेलं ऐकते. आजकालच्या मुलांमध्ये हे दिसत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रान्सपोर्ट कंपनीत 'दमानं' बसवलं. महिनाअखेरपर्यंत त्यांनी वापरून बघायचं, पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या डेपोंमध्ये लागणार. आमची कंपनी टिकणार की गुंडाळायची, ते आता याच्यावर आहे. मी हे घरी बोललो नाही, पण वहीत लपवून काय करायचं?

तिथली मॅनेजरबाई करारी आहे. ट्रक सोडणारी माणसं आणि गोदामातली माणसं मेसेंजरवर एकमेकांच्या अंगावर जातात, आणि मग दर महिन्याला कोणीतरी नोकरी सोडून जातं, अशी तिची तक्रार. मी म्हटलं, आता बघा.

संध्याकाळपर्यंत तिचा फोन. प्लगिननं भलतंच मांडलं होतं. तिथे दोन जण वर्षानुवर्षांचे दोस्त, एकानं दुसऱ्याला लिहिलं, 'अरे गाढवा, जेवलास का?' पट्टी खाली. दुसऱ्यानं लिहिलं, 'मर तिकडे, तुझी चावी माझ्याकडे राहिलीय.' पट्टी खाली. दिवसभर सगळे नुसते पट्ट्या बाजूला सारत बसले.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून खारू ऑफिसात बसली आणि तो घोळ निस्तरला. तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं, हे मी इथे, फक्त इथेच, लिहितो. ती म्हणाली, शिवी म्हणजे राग नव्हे. कोण कोणाशी एरवी कसं बोलतं ते आधी प्लगिनला कळू दे. रोज गाढवा म्हणणारा एके दिवशी 'आपण कृपया' असं लिहायला लागला, तर खरी काळजी तेव्हा करायची.

मी थक्क झालो. बापाचं डोकं आणि आईची शांतता, असा तो मासला आहे. येताना पाटी रंगवणाऱ्याकडे गेलो आणि दारावर लावायला नवी पाटी सांगून आलो. माझं आडनाव, आणि पुढे 'आणि कन्या'. महिनाअखेरीला ट्रान्सपोर्टवाले हो म्हणाले की तिला दाखवायची, तोवर अळीमिळी. पाटीवाल्याला बजावलं, अक्षरं ठळक काढ, रस्त्यावरून वाचता आली पाहिजेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज इज्जतीचा पंचनामा झाला.

डेपोवरच्या माणसानं ट्रकवाल्याला लिहिलं, 'थांब. परत फीर. चुकीचा माल भरलायस. आत्ताच्या आत्ता फीर.' प्लगिनला हे भांडण वाटलं. पट्टी खाली आली, पण लिहिणारा तोवर फोनकडे वळला होता, त्यानं पडद्याकडे पाहिलंच नाही आणि निरोप तिथेच अडकून राहिला. ट्रक चुकीचा माल घेऊन थेट पुढच्या डेपोपर्यंत गेला. मॅनेजरबाईनं मला फोनवर जे ऐकवलं ते कुठल्याच प्लगिननं अडवलं नसतं, कारण तिचा आवाज अगदी शांत होता.

मी खारूवर कडाडलो. खाली किल्लीवाल्यानं त्याचं यंत्र बंद करून वर बघितलं म्हणे, इतका. दुसऱ्याचा माल रस्त्यावर फिरतोय आणि तू काय झोपा काढतेस, असं काहीबाही बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग बसून दुरुस्ती केली. नुसती आज्ञा म्हणजे राग धरायचा नाही, आणि पट्टीला कोणी उत्तर दिलं नाही तर घंटी वाजवायची.

काल संध्याकाळी मी राग ओळखायचा आकडा जरा घट्ट केला होता, म्हणजे थोडंसं तिखट वाक्यही अडावं, ते तिला सांगायचं राहून गेलं. पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही. आज बघतो तर आकडा पुन्हा जुन्या जागी आलाय. कसा आला कोण जाणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचण्या चालूच. आज सुटलेल्यातलं एक: 'तुम्ही ओरडलात की माझं बरोबर असलं तरी मलाच ते चुकीचं वाटायला लागतं.'

काय वाक्य आहे! मी खुर्ची वळवून तिला शाबासकी दिली. म्हटलं, असं वाटतं की खरोखरच कोणा साहेबाखाली पिचलेला माणूस बोलतोय. हे असं लिहायला आतून यावं लागतं. ती हसली आणि चहा करायला उठली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, आज खारूनं काय काय लिहिलं. हल्ली रोज विचारते. सहा महिने ज्या प्लगिनचं नाव तिला धड सांगता येत नव्हतं त्याच्या चाचण्यांमध्ये एकदम एवढा रस! यशाची चाहूल लागली की घरचेही बदलतात. मी सगळी वाक्यं तिला म्हणून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. भारावून गेली असावी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभरात जेमतेम दोनच सुटले. 'दमानं' आता तयार होत आलंय. दोन्ही उतरवून ठेवतो, कारण आमच्यात त्यावरून वाद झाला.

पहिलं: 'साहेब, मला दुसरीकडून बोलावणं आलंय. ज्यांच्या घरात आपण भाड्यानं राहतो, त्यांच्याकडूनच.'

दुसरं: 'त्यांना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. तुम्हाला समोर सांगायची माझी हिंमत होत नाही.'

मी म्हणालो, महिनाअखेरची मुदत घातलीस ते छान, त्यानं ताण येतो. पण घर आणि भाडं कशाला मध्ये? ट्रक सोडणाऱ्या माणसाला घरमालक नोकरी देईल का? चाचणीचं वाक्य कसं खणखणीत पाहिजे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यात राग औषधालाही नाही, मग प्लगिन अडवणार कशाला?

ती म्हणाली, नाहीच अडवणार, बाबा. पण आपण फक्त बोललेलं अडवायला शिकवतोय. माणूस एकच निरोप रोज लिहितो आणि रोज पुसतो, त्याचंही काहीतरी करायला हवं. त्याला हळूच विचारायचं, पाठवून टाकायचं का.

मी ते उडवून लावलं. जो स्वतःहून गप्प बसतो त्याच्या पाठी लागायला आपल्याकडे वेळ नाही. तिनं वाद वाढवला नाही.

बायकोनं आज नवी प्रवासी बॅग आणली, चाकांची, चांगली मोठी. आपल्याला कुठे जायचंय, म्हटलं. ती म्हणाली, घरात एक असावी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सावकाश लिहितो. 

दुपारी ट्रान्सपोर्ट कंपनीत गेलो होतो, एकटाच. झालेल्या दुरुस्त्या दाखवायच्या होत्या. मॅनेजरबाई खूश होती. घंटीची युक्ती तिला फार आवडली, आणि या आठवड्यात गोदामात एकही भांडण झालं नाही म्हणाली. मी फुगलो. म्हटलं, आमच्या चाचण्याच तशा कडक असतात, बघाच तुम्ही. आणि माझा लॅपटॉप तिच्याकडे वळवून खारूचे निरोप दाखवले. दोन आठवड्यांतले सगळे सुटलेले, एकाखाली एक. म्हटलं, वाचा, काय अस्सल उतरलंय.

ती वाचत गेली. आधी हसऱ्या चेहऱ्यानं, मग चष्मा लावून. मग तिनं विचारलं की हे कोण लिहितं. मी सांगितलं, माझी मुलगी, मोठ्या ऐटीत सांगितलं.

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "साहेब, हे चाचणीचं नाही. माझ्याकडे दर महिन्याला कोणीतरी राजीनामा घेऊन येतं. ते अगदी असंच बोलतात. तुमची मुलगी तुम्हाला काहीतरी सांगतेय."

मी म्हटलं छे, हे साहेब आणि कर्मचारी. असं म्हणता म्हणता ते भाड्याचं घर माझ्यासमोर होतं. मेसेंजर बनवणारी कंपनी. ज्यांच्यात आम्ही खोली घेऊन राहतो, त्यांनीच तिला बोलावलंय. मीच जगाला हे भाड्याचं उदाहरण देत फिरतो, आणि मलाच कळलं नाही.

मॅनेजरबाईनं पाणी दिलं. परत येताना दोनदा चुकीच्या रस्त्याला वळलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रागानं डोकं भणभणतंय. पाठीला पाठ लावून बसते, रोज माझ्याबरोबर चहा पिते, आणि एवढं मोठं गिळून बसते? मी काय वाघ आहे? खाणार होतो तिला? आणि ते मेसेंजरवाले! आमच्या प्लगिनमधलं तिचं काम पाहूनच बोलावलं असणार. म्हणजे मी शिकवायचं आणि तयार फळ यांनी तोडून न्यायचं.

हे लिहिताना मात्र मनात येतंय की एवढी मोठी कंपनी. तिथे नुसतं आत शिरायला लोक वर्षं घालवतात. आणि त्यांनी आपणहून माझ्या खारूला बोलावलं. किल्लीवाल्याच्या माडीवर बसणाऱ्या पोरीला. छातीत एक काहीतरी फुलतं आणि लगेच दुखतं, असं सकाळपासून चाललंय.

पाटीवाल्याला फोन करून सांगितलं, थांब, रंगवू नकोस. तो म्हणाला, साहेब, वाळत घातलीय. जाऊन घेऊन आलो. कपाटाच्या मागे ठेवलीय, तोंड भिंतीकडे करून.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बायकोला सांगितलं. एकदम सांगितलं तर तिला धक्का बसेल, म्हणून आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, इकडचंतिकडचं बोललो. मग म्हणालो की खारूला दुसरीकडे नोकरी मिळालीय, दूर जावं लागेल बहुतेक. तिनं अगदी शांतपणे ऐकलं. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही काही बोलू नका. तिच्या तोंडून येऊ द्या." धक्का पचायला वेळ लागेल बिचारीला. मी तिच्यावर लक्ष ठेवून आहे.

ठीक आहे, गप्प बसतो. पण सांग म्हणावं पोरीला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं नाही.

मी तिला संधी देण्यात काही कमी ठेवली नाही. सकाळी विचारलं, पुढचं वर्ष कसं काय वाटतंय तुला. ती म्हणाली, चांगलं वाटतंय. दुपारी सहज म्हटलं, माणसानं मोठ्या कंपनीचा अनुभव घ्यावा, मीही घेतला होता. ती म्हणाली, हो ना. मग मीच दोन्ही टेबलं पुसून काढली, कारण समोर येऊन उभं राहायला काहीतरी निमित्त हवं. ती हात वर घेऊन बसली, मला नीट पुसता यावं म्हणून.

लहानपणी तिच्या गालात काय आहे ते शेवटी तिच्या आईलाच बोट घालून काढावं लागायचं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ट्रान्सपोर्टवाल्यांचा होकार आला. सगळ्या डेपोंमध्ये 'दमानं' लागणार. मॅनेजरबाईनं स्वतः फोन केला. कंपनी टिकली.

मी खाली जाऊन किल्लीवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या पोस्टमनला सांगितलं, वर येऊन बायकोला फोन केला. खारूनं माझे दोन्ही हात धरले आणि लहान मुलीसारख्या उड्या मारल्या. मग म्हणाली, बाबा, आता तुम्हाला माणूस लागेल हाताखाली. आणि लगेच, म्हणजे मी आहेच म्हणा. आणि वळून पुन्हा टाइप करायला लागली. मी तोंड उघडणार होतो. बायकोला दिलेला शब्द आडवा आला.

मॅनेजरबाईनं फोनवर शेवटी विचारलं होतं, बोललात का मुलीशी. मी म्हटलं, चाललंय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डेपोंना द्यायच्या आधीची शेवटची फेरी होती. सकाळपासून खारू पाठवत होती आणि एकही सुटत नव्हता. मी खुर्चीत हात बांधून बसलो होतो. तेवढ्यात एक निरोप आला.

'साहेब, उद्या त्यांना कळवायचंय. मी "नाही" असं लिहून ठेवलंय. आता काम वाढणार, तुम्हाला एकट्याला टाकून जाववत नाही. हे तुम्हाला कळणार नाही, तेच बरं.'

खोटं लिहीत नाही. वाचून क्षणभर मला आनंद झाला. भरभरून झाला. काही करायचं नव्हतं. फक्त नेहमीसारखं 'सुटला' म्हणायचं. उद्या तिचं 'नाही' गेलं असतं, परवा पाटी लागली असती, आणि मला कधी काही ठाऊक होतं हे कोणाला कळलं नसतं. 'सु' माझ्या ओठांवर आला होता.

मग त्या आनंदाचीच लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड.

चाचणीच्या निरोपाला कोणी उत्तर देत नाही. तशी रीतच नाही, उत्तर आलं तर चाचणीचा हिशोब बिघडतो. मी उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, 'बापाला बिचारा समजतेस काय? तू जन्मायच्या आधीपासून मी प्रोग्रॅम लिहितोय.' पाठव दाबलं. पिवळी पट्टी खाली आली. 'जरा दमानं. पाठवायचंच का?' मी 'राहू दे' दाबलं.

दुसरं लिहिलं, 'खुशाल जा. इथे तुझ्यावाचून काही अडत नाही.' पट्टी. मी बघतच राहिलो. यात शिवी नाही, ओरडणं नाही, एक शब्द वावगा नाही. कुठल्याही कारकुनानं वाचलं असतं तर म्हणाला असता, परवानगी दिलीय. पण मी खारूशी असा कधी बोलत नाही, आणि ते तिनं प्लगिनला शिकवून ठेवलं होतं. बरोबर ओळखलं त्यानं. एवढ्या रागातही माझी मान ताठ झाली. राहू दे.

तिसरं लिहिलं, 'महिनाभर माझ्याशी बोलता आलं नाही का?' मला वाटलं, हा तर साधा प्रश्न आहे. पट्टी. राहू दे.

मग मी चष्मा काढून पुसला. पाठीमागून तिच्या टाइप करण्याचा आवाज येत होता, पुढची चाचणी लिहीत होती. मी लिहिलं, 'कधी निघायचंय?'

पट्टी आली नाही. निरोप गेला.

मागचा आवाज थांबला. मग खुर्ची करकरली.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

मी न वळता म्हणालो की पहिल्या वाक्यापासून. वहीत खरं ते लिहितो: मॅनेजरबाई नसती तर मी अजून तिला वाक्यात मीठ घाल म्हणून सांगत बसलो असतो. पण बापानं थोडी तरी अब्रू राखून असावं.

"रागावलात?"

"रागावलो असतो तर यानं पाठवूच दिलं नसतं," मी म्हणालो.

ती उठून माझ्या टेबलाशी आली. पडद्याच्या कडेला ते तिन्ही अडवलेले तसेच बसले होते. मी हात आडवा घातला, पण उशीर झाला होता. तिनं सगळे वाचले, वरून खाली, एकेक शब्द. दुसऱ्याशी थांबली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही, कारण मलाही नीट दिसत नव्हतं.

"एकही सुटला नाही, बाबा," ती म्हणाली.

"सुटेल कसा? चाचण्या कोणी घेतल्यात?"

मग मी उठलो आणि तिला माझ्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, त्यांना लिही, आत्ता, माझ्यासमोर. तिनं तिथेच आपली मेल उघडून ते 'नाही' पुसलं आणि लिहिलं की मी येतेय. आभार मानले, तारीख विचारली. सगळं शुद्ध, नेटकं, कुठे लाचारी नाही की तोरा नाही. वाचून मला वाटलं की यांना कळत नाही आपण कोणाला घेतोय, कळेल हळूहळू. बटणावर बोट ठेवून ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "दाब."